सूचना : रविवारची बैठक – अब्बा मोशे

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता नेहमीच्या जागी बैठक आहे. विषय अब्बा मोशे (अब्बा म्हणजे वडील, ज्येष्ठ ख्रिस्ती संन्याशांना आदरानं असं म्हणत). बायबलमधल्या दहा आज्ञांचे मोशे नव्हेत! दोघांनी तेच वाचून ठेवलंय, म्हणून ही खास आठवण.

हे चौथ्या शतकातले, इजिप्तच्या स्केटिस वाळवंटातले. आधी गुलाम, मग दरोडेखोरांचे म्होरके, शेवटी संन्यासी. सन ४०५ च्या सुमारास लुटारूंच्या हल्ल्यात मारले गेले. पळून जाता येत असूनही ते जागेवरून हलले नाहीत.

चर्चा मात्र एकाच प्रसंगावर करू. एका मठबंधूच्या चुकीचा निवाडा करायला सगळे जमले. मोशे जाईनात. बोलावणं आलं तेव्हा गळकं भांडं पाण्यानं भरून पाठीवर घेतलं आणि निघाले. मागे पाण्याची ओळ. हे काय, असं विचारल्यावर म्हणाले, माझी पापं अशीच मागे सांडताहेत, मला दिसत नाहीत, आणि मी आज दुसऱ्याचा न्याय करायला आलोय. त्या बंधूला माफी मिळाली.

काही ठिकाणी या गोष्टीत भांड्याऐवजी वाळूची टोपली येते. कृपया त्यावर अर्धा तास घालवू नये.

येणाऱ्यांनी शनिवारपर्यंत कळवावं, चहाचा अंदाज घ्यायचा आहे.