‘आत्ता यात काय आहे?’ : वाचनालयाच्या ताईंना जाहीर आभारपत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मला पीएचपी (वेबसाइटमागचे प्रोग्राम लिहायची भाषा) शिकवल्याबद्दल फीचा विषय काढला तेव्हा तुम्ही “दिवाळी अंक आले की पहिला नंबर माझा” म्हणून तो उडवून लावलात. नंबर लावून ठेवलाय. पण आपल्या वाचनालयाच्या वर्गणीचा हिशेब आज पीएचपीवर चालतो तो कुणामुळे, हे चारचौघांत सांगायला हवंच.

माझा जन्म गेला एक्सेलमध्ये. व्हेरिएबल म्हणजे डबा, त्यात किंमत ठेवायची, हे वाचून पाठ झालं होतं. पण अडचण निराळीच होती. एक्सेलमध्ये एका घरातला आकडा बदलला की बेरीज आपोआप बदलते. इथे मात्र मी लिहिलं:

$वर्गणी = 50;
$एकूण = $वर्गणी * 12;
$वर्गणी = 60;

आणि $एकूण आपलं 600 वरच ठाण मांडून! तुम्ही कागदावर दोन रकाने आखलेत आणि एकेका ओळीवर पेन ठेवून विचारत गेलात, “आत्ता यात काय आहे?” दुसऱ्या ओळीला $एकूणच्या रकान्यात 600 आले. तिसऱ्या ओळीने फक्त $वर्गणीचा रकाना खोडला. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ते बरोबरचं चिन्ह म्हणजे गणितातलं समीकरण नव्हे, हुकूम आहे: उजवीकडचं आत्ता मोज आणि डावीकडच्या नावावर टाक. पुढे वर्गणीचं काय झालं, याची $एकूणला खबरबात नसते.

(नावं मराठीत चालतात हेही तुम्हीच दाखवलंत. आधी डॉलर हवा आणि त्याला लागून 0 ते 9 पैकी आकडा नको, की झालं. चारजणांच्या टीममध्ये मात्र हा हौशीपणा करू नका, असंही बजावलंत. इथे टीम म्हणजे मी एकटाच.)

पण खरी कमाल त्या शून्य जमेची. एका सभासदाने फॉर्ममध्ये पाचशे भरले आणि खात्यावर जमा शून्य. मी बेरजेची ओळ उलटीपालटी तपासत बसलो होतो. तुम्ही तिकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत. फॉर्ममधून आलेल्या व्हेरिएबलवर थेट व्हार_डंप (var_dump, डब्यात कसला आणि किती माल आहे ते छापणारी आज्ञा) लावलात. उत्तर आलं: स्ट्रिंग(9), म्हणजे नऊ बाइट (साठवणीचं माप) लांबीचा मजकूर. “पाचशे लिहायला नऊ कशाला लागले?” एवढंच विचारलंत. सभासदाने मराठी कीबोर्डवरून ‘५००’ टाकलं होतं! यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरीचा एकेक अंक तीन बाइट घेतो, म्हणून नऊ. 500 असतं तर तीनच दिसले असते. फॉर्ममधलं 500 सुद्धा मजकूर म्हणूनच येतं, पण त्याचा आकडा करता येतो. ‘५००’ला पीएचपी आकडा मानतच नाही, इंट (पूर्णांक) करायला सांगितलं की मुकाट्याने शून्य हातावर ठेवते. ना एरर, ना कुरकुर. आता बेरजेआधी देवनागरी अंक बदलून घेणारी ओळ घातली आहे.

एकेरी अवतरणात $नाव जसंच्या तसं छापलं जातं आणि दुहेरीत त्याची किंमत येते, हे लगेच जमलं. फंक्शनच्या (नाव देऊन वेगळ्या काढलेल्या कोडच्या तुकड्याच्या) आत बाहेरचं व्हेरिएबल का दिसत नाही, ते अजून पचनी पडलेलं नाही. सध्या जिथे तिथे ग्लोबल (बाहेरचं व्हेरिएबल आत वापरू देणारा शब्द) लिहून वेळ मारून नेतोय. पाहिलंत तर कान धराल. रविवारी सकाळी वाचनालय उघडं असतं, जमलं तर याच.

आपला,
वाचनालयाचा हिशेबनीस