बाई, ते अर्धं पान तुम्ही परत वाचलंत

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहायचं कारण एवढंच की समोरासमोर आभार मानले की तुम्ही विषय बदलता. मागे एकदा निघताना दारात चपला घालता घालता मी काहीतरी बोलायला गेले, तर तुम्ही हातात कोथिंबिरीची जुडी ठेवलीत. "घेऊन जा गं, फार झालीये." कोथिंबीर घेऊन मी घरी आले, तिची चटणीही झाली, बोलायचं ते राहूनच गेलं. आता इथं तुम्हाला कोथिंबीर मध्ये आणता यायची नाही.

आभार माझ्यासाठी थोडे आणि माझ्या सासूबाईंसाठी जास्त आहेत. आईंना तुम्ही ओळखता, पण त्या तुमच्याकडे यायच्या आधी काय झालं होतं ते तुम्हाला ठाऊक नाही. त्यांनीच सांगू दिलं नव्हतं. आता परवानगी मिळाली आहे.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आमच्या नाशिकच्या इंदिरानगरात काही दिवस नुसता उत्साह होता. पेढे वाटले, फलक लागले. त्याच भरात ओळखीतल्या एका गृहस्थांनी जुन्या श्रेष्ठ ग्रंथांचं सामूहिक वाचन सुरू केलं. माणूस वाईट नाही, हेतूही चांगलाच. पण सगळी नोकरी टार्गेटं गाठण्यात गेलेली, त्यामुळे पुस्तकंही त्यांनी तशीच घेतली. एक्सेलमध्ये वेळापत्रक. महिन्याला एक ग्रंथ. रात्री दहाच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर 'पूर्ण' असं टाकायचं. टाकलं की नावापुढं हिरवी खूण, नाही टाकलं की लाल. रविवारी सकाळी प्रश्नमंजूषा. आणि पहिल्याच महिन्याला घेतली ज्ञानेश्वरी! 9,000 च्या वर ओव्या, म्हणजे दिवसाला 300. वारकऱ्यांच्या घरात एकेक ओवी जन्मभर पुरते, आणि आम्ही रोज तीनशेचा रतीब लावला.

आई मोठ्या हौसेनं सामील झाल्या होत्या. चौथीपर्यंत शाळा, त्यानंतर घर, शेत, मुलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मोठ्या टायपातलं वाचता येतं, पण दोन पानांत डोळ्यांना पाणी येतं, आणि डाव्या कानानं कमी ऐकू येतं. तरी रोज दुपारी भिंग घेऊन बसायच्या. पहिल्या अध्यायातल्या एका ओवीपाशी त्या अडल्या. अर्थ कळला नाही असं नव्हे, त्यांना तिच्यावर बोलायचं होतं. रविवारी त्यांनी विषय काढला तेव्हा बाकीचे कुठल्या कुठं पोचले होते. गृहस्थ म्हणाले, "आजी, आता मागं नाही जाता येणार, शेड्यूल बिघडतं. तुम्ही नुसत्या ऐकत बसा."

त्या ऐकत बसल्या. पुढच्या रविवारी गेल्या नाहीत. भिंग टीव्हीखालच्या खणात गेलं. मला म्हणाल्या, "मला नाही झेपत गं ते, शिकलेल्या माणसांचं काम आहे." ज्या बाईला तुकोबांचे कितीतरी अभंग तोंडपाठ आहेत तिनं हे म्हणावं! त्या गृहस्थांना मी काही बोलले नाही, बोलायला हवं होतं की नको कोण जाणे. गटाचं म्हणाल तर संक्रांतीपर्यंत त्या ग्रुपवर तिळगुळाचे फोटो तेवढे उरले.

मग माझ्या भाच्यानं आजीला फोनवर बोलकं पुस्तक लावून दिलं. तेही चाललं नाही. आईंना ते थांबवता येईना, मागं नेता येईना. "हा बाबा श्वासच घेत नाही," म्हणून त्यांनी फोन उशीखाली सरकवला. उशीखालून तो वाचतच राहिला.

तुमची आणि त्यांची गाठ पडली भाजीच्या गाडीपाशी. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, मराठी शिकवणाऱ्या बाई, एवढीच तुमची आम्हाला ओळख. तुम्ही म्हणालात, "गुरुवारी संध्याकाळी येत जा की. मला मोठ्यानं वाचायची सवय आहे, आणि एकटीनं मोठ्यानं वाचलं की शेजारी काळजी करायला लागतात." आई खूप दिवसांनी खळखळून हसल्या. आपल्यावर कुणी उपकार करतंय असं त्यांना वाटलंच नाही, तुमची अडचण भागवायला म्हणून त्या आल्या. हे तुम्ही जाणूनबुजून केलंत का, ते मी अजून विचारलेलं नाही.

तुमच्याकडं नियम म्हणावेत असे नाहीतच. घरून वाचून यायचं नाही, तिथंच वाचायचं, तासाभरानं थांबायचं. कुणी सावानातली, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयातली जुनी, पिवळी पडलेली प्रत आणली, कुणी दुकानातली कोरी, पानांचे आकडे जुळेनात, तर तुम्ही म्हणालात, "आकडे सोडा, काय चाललंय तेवढं सांगा." तेव्हापासून उशिरा येणाऱ्याला शेजारचा माणूस कानात दोन वाक्यांत मागचं सांगतो आणि वाचन पुढं सरकतं. सध्या कुंभाच्या कामांमुळं द्वारका चौकावरून यायचं म्हणजे वेळेचा काही भरवसा नाही, म्हणून तुम्ही दार नुसतं लोटून ठेवता. बेल वाजवावी लागत नाही की कुणाची माफी मागावी लागत नाही.

पुस्तक निवडायच्या दिवशी टीपॉयवर तीन पुस्तकं होती. प्रत्येकाचं पहिलं पान तुम्ही वाचून दाखवलंत आणि कुणाचं पुढं ऐकावंसं वाटतंय एवढंच विचारलंत. 'स्मृतिचित्रे', लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, ठरलं ते आईंमुळं. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरचा, असं तुम्ही सांगितलंत आणि आई सावरून बसल्या. "जलालपूर? म्हणजे आपल्याकडचीच बाई की!" तोवर त्यांना वाटायचं, पुस्तकात येणारी माणसं पुण्याचीच असतात.

आता त्या गुरुवारबद्दल, ज्याच्यासाठी हे पत्र आहे.

उकाडा मरणाचा होता आणि आईंची दुपारची झोप झाली नव्हती. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचा भाग चालला होता. 1857 च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली, त्याचा धसका वडिलांनी घेतला आणि सोवळ्याचं वेड लागलं, तो. वाचता वाचता तुमचं लक्ष आईंकडं गेलं. मान खाली गेली होती, पदर खांद्यावरून घसरला होता. कॉलेजच्या दोघी मुली एकमेकींना कोपर मारून हसल्या. तुम्ही त्यांच्याकडं पाहिलं नाहीत. आवाज थोडा खाली आणलात आणि वाचत राहिलात. थोड्या वेळानं आई दचकून जाग्या झाल्या. पदर सारखा केला आणि चोरी पकडली जावी तसं सगळ्यांकडं बघितलं. तुम्ही तांब्यातलं पाणी प्यायलात, पान मागं उलटलंत, बोट अर्ध्या पानावर नेऊन ठेवलंत आणि तिथून परत वाचायला लागलात.

एवढंच. "काकू, डोळा लागला वाटतं" नाही, "आपण कुठं होतो बरं" नाही. समोरचे इंजिनिअर काका "हे तर मघाशी..." म्हणून तोंड उघडणार, तर तुम्ही पुस्तकावरची नजर न हलवता डावा तळवा जरासा वर केलात, आणि ते गप्प बसले. मला कळलं ते तेच वाक्य दुसऱ्यांदा कानावर आलं म्हणून.

घरी येताना रिक्षात आई म्हणाल्या, "नशीब, नेमकं महत्त्वाचं काही निसटलं नाही." मी बाहेर बघत राहिले. रडू येत होतं आणि ते सिग्नलला उभ्या असलेल्या मोटारसायकलवाल्यालासुद्धा दिसत होतं. मागं जाता येत नाही म्हणून ज्या माणसाला एका ठिकाणाहून उठावं लागलं, त्याच माणसासाठी तुम्ही मागं गेलात, आणि त्याला ते कळूही दिलं नाहीत. काल हे पत्र आईंना वाचून दाखवलं तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, "मला काय कळलं नव्हतं होय? बाईंना तहान कुठं लागली होती."

तुम्ही उगाच ओशाळू नका म्हणून सांगते, त्या हे म्हणाल्या ते हसतच.

त्याच दिवशी इंजिनिअर काकांनी चहाच्या वेळी विचारलं होतं, "या वेगानं हे संपणार कधी?" तुमचं उत्तर मी पुढं पुष्कळांना ऐकवलं. ज्यांना आपण आज जाडजूड म्हणून घाबरतो ती पुस्तकं एका दमात कुणी वाचलीच नव्हती, असं तुम्ही म्हणालात. 'पण लक्षात कोण घेतो' 1890 पासून 'करमणूक' साप्ताहिकात तुकड्यातुकड्यानं आली; यमूचं पुढं काय होणार याची लोकांना आठवडाभर वाट बघावी लागायची. 'स्मृतिचित्रे' 1934 पासून चार भागांत निघालं. साने गुरुजींनी 'श्यामची आई' इथंच, आपल्या नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी 1933 मध्ये पाच दिवसांत लिहिली. पण लिहायला पाच दिवस लागले तरी आतला श्याम गोष्ट सांगतो ती रोज रात्री एक, मित्रांना समोर बसवून. प्रकरणांना त्यांनी 'रात्र' म्हटलंय ते त्याचसाठी. लिहिणाऱ्यांना घाई नव्हती तर वाचणाऱ्यांना का, असं तुम्ही विचारलंत. काकांनी दुसरा कप घेतला.

यावर आई म्हणाल्या की त्यांच्या लहानपणी चातुर्मासात पोथी अशीच चालायची. एकटा वाचायचा, गाव ऐकायचं, कुणी वाती वळायचं, कुणी मधेच लेकराला झोपवून परत यायचं, आणि काय निसटलं ते शेजारीण सांगायची. हे ऐकून तुम्ही म्हणालात, "मग मी नवीन काय केलं, काकू? तुमचंच घेतलं." आईंचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता.

आणि धाबळीचा दिवस! पुस्तकात सोवळ्याचं सगळं येतं, मुलींना धाबळी म्हणजे काय ठाऊक नव्हतं. तुम्हाला नक्की ठाऊक होतं, तरी तुम्ही आईंकडं वळलात. त्यांनी समजावून सांगितलं, लोकरीचं असतं, सोवळ्यात नेसतात, कुणाला शिवू देत नाहीत. मीठसुद्धा धुऊन घेणाऱ्या त्या वडिलांबद्दल म्हणाल्या, "मीठ धुतल्यावर हातात राहिलं काय?" सगळे हसले. मग तशाच सुरात त्यांनी सांगितलं की त्यांच्या गावात एका वाड्यावर त्या आईबरोबर शेंगा फोडायला जायच्या, तहान लागली तर ओसरीखाली ओंजळ धरायची, वरून पाणी ओतायचे. अंगावर सांडायचं, थंडीत फार वाईट वाटायचं. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, हे मी पहिल्यांदा ऐकत होते. हसणं थांबलं होतं. तुम्ही लगेच पुढचं वाक्य वाचायला घेतलं नाहीत, त्यावर भाषणही केलं नाहीत. आईंचं बोलून झालं, त्यांनी स्वतः "हं, वाचा" म्हटलं, तेव्हा वाचलंत. पुढं लक्ष्मीबाई स्वतःच हे शिवाशिवीचं जोखड कसं झुगारतात तो भाग आला, तेव्हा आईंनी मांडीवर थाप मारली.

बाई, मला अलीकडं वाटतं की चांगुलपणाचं आपल्याकडं फार मोठं चित्र काढून ठेवलंय. ट्रस्ट पाहिजे, बॅनर पाहिजे, उद्घाटनाला पाहुणा पाहिजे. प्रत्यक्षात बँकेत म्हाताऱ्या माणसाचा फॉर्म न सांगता स्वतःकडं ओढून भरणारा कारकून असतो, शहर बसमध्ये कुणी चढेपर्यंत ब्रेकवरचा पाय न काढणारा ड्रायव्हर असतो. त्यांचे फोटो कुठं येत नाहीत, आणि आपणही त्यांना कधी काही म्हणत नाही. आपल्या गावात 1840 पासून सार्वजनिक वाचनालय आहे, कुसुमाग्रज याच गावात राहिले, या सगळ्याचा आम्हाला अभिमान आहेच, फलकावरही तो असतो. पण आमच्या आईंना पुस्तकापर्यंत परत आणलं ते अर्ध्या पानानं.

भिंग आता खणातून बाहेर आलंय. गुरुवारची वाट न बघता दुपारी त्या एखादं पान पुढचं वाचून ठेवतात आणि तुमच्यासमोर मात्र पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करतात. हे मी सांगितल्याचं त्यांना सांगू नका.

त्यांचे दोन निरोप आहेत. पहिला, तास झाला म्हणून ऐन रंगात थांबवता ते बरं नाही. लक्ष्मीबाईंचे यजमान टिळक घर सोडून गेले तिथं थांबलात तेव्हा त्यांना रात्री झोप लागली नाही. दुसरा, 'स्मृतिचित्रे' झालं की 'श्यामची आई' घ्या, पण त्यातल्या काही रात्री त्या वाचणार आहेत, मोठ्या टायपातली प्रत मिळाली तर. ती शोधायचं काम माझ्याकडं लागलंय. मेन रोडच्या दुकानांत विचारून झालंय, उद्या सावानात जाते.

येत्या गुरुवारी चहाचा थर्मास आमच्याकडून. आईंनी वेलची कुटून ठेवलीये, नको म्हणू नका.

आपली,
डाव्या कोपऱ्यातल्या मोड्यावर बसणारी