जहाज गोदीत कधी घ्यायचं?

औसा, जि. लातूर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. नौदलाची काही जहाजं कायम गोदीतच का, असं तू विचारलंस. गड्या, तुमच्या साखर कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं, की रोलर उतरवायला, बॉयलरच्या नळ्या तपासायला महिने मिळतात. युद्धनौकेला असा बंद हंगामच नाही. एक जहाज सतत गस्तीवर हवं असेल तर ढोबळमानानं तीन लागतात : एक समुद्रात, एक सरावात, एक दुरुस्तीत. एकाच वर्गाची दोन जहाजं एकदम रिफिटला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला, गेली की हे गणित मोडतं.

मग मोहिमेसाठी गोदी, म्हणजे पाणी उपसून जहाज कोरडं उभं करणं, ३ महिने पुढे ढकलायचा मोह होतो. इंजिनं चालत राहतात, तेच फसवं. मुंबईच्या कोमट पाण्यात तळाला बार्नकल, म्हणजे कवचाचे चिकट जीव, चढतात; तेवढ्याच वेगाला इंधन जास्त जातं, इंजिनावर ताण येतो. खाऱ्या पाण्याचे पाइप आतून झिजतात. आणि तळाच्या झडपा पाण्याखाली उतरलेल्या माणसांनी बाहेरून तोंड बंद केल्याशिवाय तरंगत्या जहाजात खोलता येत नाहीत.

गोदीतले दिवस खातं ते खोलल्यावर सापडणारं काम. झडप उघडावी तर बैठकीला खड्डे, आणि सुटा भाग यायला महिनोन्‌महिने. मग शेजारच्या जहाजाचा काढून बसवतात. मला हे बिलकूल पटत नाही : एका भागासाठी दोनदा खोलणं, दोनदा बसवणं, दोनदा चाचणी, वर दुसरं जहाज लंगडं.

म्हणून तपासणी गोदीच्या कितीतरी आधी हवी. वंगण तेलाच्या नमुन्यात लोखंड वाढलं तर इंजिनाच्या सिलिंडरच्या लायनर-रिंग बघायच्या, तांबं-शिसं वाढलं तर बेअरिंग, खारं पाणी आलं तर कूलर. बिल्जमध्ये (जहाजाच्या अगदी तळाशी पाणी साचतं तिथं), भटारखान्याखाली, न्हाणीघराखाली पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिकनं मोजायची. मूळ जाडीचा पाव भाग गेला असेल तर पत्रा आधीच मागवून ठेवायचा. पोलादाऐवजी स्वतः झिजावेत म्हणून तळाला लावलेले जस्ताचे ठोकळे, म्हणजे अ‍ॅनोड, तेही बोलतात. पार संपले असतील तर पोलाद खाल्लं जातंय. पण अगदी नव्यासारखे दिसले तरी खूश व्हायचं नाही : जोड नीट बसलेला नसतो, नाहीतर रंगाऱ्यानं त्यांच्यावरही रंग मारलेला असतो!

गोदीतून निघायला उशीर झाला की पहिली कात्री समुद्रचाचण्यांना लागते. तिथं अडून बसावं. पूर्ण वेगावर पंखा फिरवणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग किती तापतं, हे धक्क्याला बांधलेल्या जहाजात कळत नाही.

तुम्ही रोलर जादा किती ठेवता, आणि कुठल्या हिशेबानं, ते सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव