लिनक्सवरची 'मॅन' पाने सरसकट काढू नका

मा. संपादक,

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मोफत अपडेट थांबली. जुन्या संगणकांवर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम घालण्याचा विचार सांगली-साताऱ्याच्या शाळा-कॉलेजांतही होणारच. डिस्क लहान असली की पहिली कुऱ्हाड पडते ती सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या दस्तऐवजांवर. आज्ञा कशी वापरायची ते सांगणारी 'मॅन' (मॅन्युअल) पानेही त्यांतच आली.

आधी मोजावे. /यूएसआर/शेअर मधल्या डॉक (दस्तऐवज), मॅन आणि लोकेल (भाषांतरे) या फोल्डरांवर जागा मोजणारी 'डीयू -एसएच' ही आज्ञा चालवली की कोण किती जागा खाते ते कळते. पुष्कळदा खरी अडगळ इंटरनेटवरून उतरवून ठेवलेल्या पॅकेजांची (सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांची) निघते. डेबियन, उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत ती 'एप्ट-गेट क्लीन' या आज्ञेने जाते आणि कोणाचे काही बिघडत नाही.

तरीही दस्तऐवज नकोच असतील, तर फोल्डर हाताने पुसू नये. डेबियन, उबुंटूत पॅकेज अपडेट झाले की त्याच्या फायली पुन्हा हजर! त्याऐवजी /ईटीसी/डीपीकेजी/डीपीकेजी.सीएफजी.डी मध्ये एक फाइल करावी. तीत 'पाथ-एक्स्क्लूड'ने डॉक वगळावे आणि त्याखाली 'पाथ-इन्क्लूड'ने प्रत्येक पॅकेजची कॉपीराइट फाइल राखावी, कारण परवान्याची माहिती तिथेच असते. ओळींचा क्रम उलटा झाला तर तीही जाते. जुळणाऱ्या नियमांपैकी शेवटचा चालतो. फाइलच्या नावात टिंब नको. '.कॉन्फ' लावले तर डीपीकेजी (पॅकेजे बसवणारा प्रोग्राम) ती वाचत नाही, आणि तसे सांगतही नाही. लोकेल वगळणार असाल तर त्यातले 'एमआर' (मराठी) राखा, नाहीतर मराठी मेनू गेले म्हणून समजा.

फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारात काम सोपे: डीएनएफ.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये 'टीएसफ्लॅग्ज=नोडॉक्स' ही एक ओळ.

'मॅन' पाने मात्र लॅबमध्ये ठेवावीतच. ती मुळात दाबून (कॉम्प्रेस करून) साठवलेली असल्याने जागा कमी खातात, शिवाय प्रात्यक्षिकाला इंटरनेट बंद ठेवले तर विद्यार्थ्याला तेवढाच आधार. ज्या सर्व्हरवर कोणी बसत नाही, तिथे खुशाल वगळा. उबुंटूच्या मिनिमल (काटछाट केलेल्या) आवृत्तीत ती नसतातच. 'अनमिनिमाइझ' ही आज्ञा चालवून आणावी लागतात.

नियम काढून टाकला म्हणून गेलेली पाने लगेच परत येत नाहीत, पॅकेज '--रीइन्स्टॉल' करावे (पुन्हा बसवावे) लागते. म्हणून एका संगणकाची प्रत वीस संगणकांवर टाकायची असेल, तर काय ठेवायचे ते प्रत काढण्याआधीच ठरवावे.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली