तुझं नाव नसलेला अर्ज

प्रिय माऊ,

परवा फोनवर तू मोजून चार वाक्यं बोललीस. वार्षिक समारंभात वर्षभरातल्या यशाची यादी वाचून दाखवली. मूट कोर्टचा, म्हणजे लॉ कॉलेजातल्या त्या लुटूपुटूच्या खटल्यांच्या स्पर्धेचा, करंडक आणणाऱ्यांची, जर्नलमध्ये लेख छापून आलेल्यांची आणि परीक्षेत पहिल्या आलेल्यांची नावं घेतली गेली, तुझं नाव आलं नाही. वर्षभर दर शनिवारी तू विधी सहाय्य केंद्राच्या टेबलाशी बसलीस, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. शेवटी म्हणालीस, "बाबा, पुढच्या वर्षी मूट नाही. लेक्चरला हजेरीपुरतंच बसणार. खरं काम बाहेरच आहे." आणि फोन ठेवलास.

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. दोन दिवस तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून लिहितोय.

आधी त्या यादीबद्दल. ती यादी अपुरी होती, आणि तुला वाईट वाटलं ते रास्तच आहे. 'नावात काय एवढं' असं मी म्हणणार नाही. वर्षभर राबलेल्या पोरांचं काम संस्थेने बघायला हवं. तुमच्या केंद्रात वर्षभरात किती जण आले, किती अर्ज लिहिले गेले, त्यातले किती निकाली निघाले, एवढं एका कागदावर मांडून प्राचार्यांना द्या. शांतपणे द्या, पण द्या. तुमच्यामागून पहिल्या वर्षाची मुलं येणार आहेत. हेही कॉलेजचं यश आहे, हे त्यांना कळायला हवं.

पण तू यादीवरचा राग वर्गावर काढते आहेस. ते मला पटलेलं नाही.

केंद्राच्या तुरुंगभेटीत भेटलेल्या त्या माणसासाठी तू लिहिलेला अर्जच घे. जामीन मंजूर होऊन दोन महिने झाले, तरी तो आतच होता, कारण जामीनदार मिळत नव्हता आणि ठरलेली रक्कम त्याच्या घरच्यांच्या आवाक्यात नव्हती. बरोबरच्या मुलांनी त्याची कहाणी ऐकली, हळहळली. तू आदेशाची तारीख विचारलीस. त्या एका प्रश्नाने मला तुझा फार अभिमान वाटला, हे तुला सांगायचं राहून गेलं होतं. मग तू घरी फोन करून एका दमात सांगितलंस की जामिनाची रक्कम अवाजवी असता कामा नये, असं कायदाच म्हणतो, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८४, आणि ती कमी करण्याचा अधिकार सत्र न्यायालयाला आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला दिलेले निर्देश आहेत. जामीन मंजूर होऊनही महिनाभरात बंधपत्र, म्हणजे जामिनाची लेखी हमी, देता आलं नाही, तर न्यायालय आपणहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं.

हे कलम तुला कुठे भेटलं? तुरुंगाच्या फाटकाशी तर नाही. ज्या तासाला तू 'नुसती कलमं वाचतात' म्हणून नावं ठेवत होतीस, त्याच तासाला ते तुझ्या कानावरून गेलं होतं. कंटाळा आला असेल, मान्य. पण वेळ आली तेव्हा ते हाताशी होतं, आणि म्हणूनच त्या माणसाची हकिगत तुझ्या हाती अर्ज होऊन उतरली.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. एकतीस वर्षं मी कोर्टात स्टेनो होतो. साक्षीदार बोलायचा, न्यायाधीश साहेब सांगायचे, मी उतरवून घ्यायचो. त्यात एक तरुण वकील यायचा. अशिलांसाठी जीव टाकायचा. आरोपीच्या घरी कोण आजारी आहे, कुणाची शाळा सुटली, सगळं त्याला ठाऊक असायचं. त्याच्या एका प्रकरणात अटकेला नव्वद दिवस झाले आणि पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलेलं नव्हतं. अशा वेळी आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, गुन्हा कितीही गंभीर असो. पण तो मागावा लागतो, आणि दोषारोपपत्र येण्याआधी मागावा लागतो. हक्क एकदा मिळाला की तो कुठे जात नाही, अशी या वकिलाची समजूत. एक दिवस तो थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोषारोपपत्र दाखल झालं, आणि दुपारी याचा अर्ज आला.

'अर्ज फेटाळण्यात येत आहे' हे शब्द मी टाइप केले. आरोपीची आई मागच्या बाकावर बसली होती. तिला काय झालं ते कळलं नव्हतं, ती पट्टेवाल्याला विचारत होती. तो वकील वाईट नव्हता, आळशीही नव्हता. माया त्याच्याकडे भरपूर होती. एक उपकलम त्याने नीट वाचलेलं नव्हतं. त्या दिवसापासून, कुणी मला 'पुस्तकी ज्ञान काय कामाचं' म्हणालं की मला ती बाई आठवते.

निवृत्तीनंतर माझं वाचन वाढलंय, तुला माहीतच आहे. त्यात पॉली मरे भेटली. १९४४ साली ती अमेरिकेतल्या हॉवर्ड विद्यापीठात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती, वर्गातली एकुलती एक मुलगी. तिकडे १८९६ च्या एका निकालापासून 'वेगळं पण समान' हे तत्त्व चालत आलेलं. कृष्णवर्णीयांसाठी शाळा वेगळी असली तरी चालेल, फक्त ती गोऱ्यांच्या शाळेच्या तोडीची हवी. मोठमोठे वकील कोर्टात जाऊन सांगायचे की साहेब, ही शाळा तोडीची नाही. मरे वर्गात उभी राहून म्हणाली, 'समान' सोडा, 'वेगळं' यावरच हल्ला करा. वर्ग हसला. तिने आपल्या प्राध्यापकांशी, स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांच्याशी, दहा डॉलरची पैज लावली की पंचवीस वर्षांत तो जुना निकाल जाईल. आणि मग हेच म्हणणं तिने सत्राअखेरच्या निबंधात मांडलं.

पंचवीस वर्षं लागली नाहीत. १७ मे १९५४ ला ब्राऊन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिक्षणात 'वेगळं' हेच मुळात असमान आहे. त्या खटल्याच्या तयारीत रॉबिन्सन होते, आणि त्यांनी तो जुना निबंध बाहेर काढला होता. मरेला हे कळलं, तेही कित्येक वर्षांनी.

हे वाचताना मला तू आठवलीस, कारण ही मुलगी नुसती निबंध लिहीत बसलेली नव्हती. १९४३ साली हॉवर्डचे विद्यार्थी वॉशिंग्टनमधल्या एका खाणावळीत जाऊन बसले. तिथे कृष्णवर्णीयांना वाढत नसत. त्या विद्यार्थ्यांना कायद्याचा सल्ला देणारी मरेच होती. दिवसा वर्ग, संध्याकाळी सत्याग्रहाची तयारी, आणि परीक्षेत पहिली. पहिली येऊनही पुढच्या शिक्षणासाठी हार्वर्डने तिला प्रवेश नाकारला, कारण ती स्त्री होती. यादीत नाव नसण्याचं दुःख तिला कुणी वेगळं समजावून सांगायला नको होतं.

तू म्हणशील, ती फार जुनी आणि फार मोठी गोष्ट. मग अगदी अलीकडची घे. २०१९ मध्ये साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या वानुआतूमधल्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी वर्गात चर्चा करता करता एक प्रश्न पकडला. समुद्र वाढतोय, आमची बेटं बुडतायत, तर याबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच का विचारू नये? त्यांनी आपल्या भागातल्या सरकारांना पत्रं लिहिली. वानुआतूच्या सरकारने तो विषय उचलून धरला. २९ मार्च २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एकमताने ठराव करून तो प्रश्न हेगच्या न्यायालयाकडे पाठवला, आणि २३ जुलै २०२५ ला न्यायालयाचं सल्लात्मक मत आलं, सगळ्या न्यायाधीशांचं एकमुखी. हवामान जपणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. वर्गातला प्रश्न सहा वर्षांत हेगला पोचला. प्रश्न नीट मांडता आला, म्हणून पोचला. आमसभेकडून न्यायालयाचं मत मागवता येतं, ही वाट त्यांना माहीत होती.

आणि तू ज्या प्रकारचं काम करतेस, अगदी तसंच काम आपल्याकडेही झालंय. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी देशभरातल्या तुरुंगांत जाऊन फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. २०१६ मध्ये आलेल्या त्या अहवालात ३७३ कैद्यांशी झालेलं बोलणं आहे. त्यातले बहुसंख्य गरीब घरांतले निघाले. आधी हे लोकांना नुसतं वाटायचं, आता ते कागदावर आलं. त्या मुलांनी तिथे आधी ऐकलं, मग लिहिलं. दोन्ही कामं सारखीच अवघड.

आता मूटबद्दल. करंडकाचं सोड. मला त्या स्पर्धेत एक गोष्ट फार मोलाची वाटते. सकाळी अपीलकर्त्याच्या बाजूने उभं राहायचं आणि दुपारी त्याच प्रकरणात प्रतिवादीच्या बाजूने. गेल्या वर्षी तू म्हणाली होतीस, "बाबा, दुसऱ्या बाजूने लिहायला बसले तेव्हा कळलं, माझा पहिला मुद्दा किती पोकळ होता." असं म्हणता येणारे वकील एकतीस वर्षांत मला फार थोडे दिसले. आपला कागद विरुद्ध पक्षाच्या नजरेने वाचता आला, तर साहेबांचा प्रश्न येण्याआधी उत्तर तयार असतं. तुझ्या त्या अर्जातही ते दिसलं. 'आरोपी पळून जाईल' असं सरकारी पक्ष म्हणेल, हे धरून तू त्याचं कुटुंब कुठे राहतं, किती वर्षं राहतं, हे आधीच लिहून ठेवलंस. विधी सहाय्य केंद्रात हे कुणी शिकवलं नव्हतं. ते मूटमधून आलं.

म्हणून मूट सोडू नकोस. दमली असशील तर एक सत्र थांब, त्याला माझी हरकत नाही. पण रागाने सोडू नकोस.

आणि नावाचं म्हणशील, तर त्या अर्जावर तुझी सही नव्हतीच. सनद मिळेपर्यंत ती चालणारही नाही, सही केंद्राच्या पॅनेलवरच्या वकीलबाईंची. मलाही हे ठाऊक आहे, माऊ. मी उतरवलेल्या हजारो पानांवर साहेबांची सही असायची. तरी एखाद्या निकालात साक्षीदाराचा शब्द जसाच्या तसा आलेला दिसला, की तो मी नीट ऐकला होता याचं समाधान वाटायचं. ते समाधान मला कुणी मंचावर बोलावून दिलं नव्हतं. तू मात्र माझ्यासारखी गप्प राहू नकोस. तो कागद प्राचार्यांना दे.

अर्जाची कच्ची प्रत तू आईला पाठवली होतीस, ती मी वाचली. तिसऱ्या परिच्छेदात जामीन आदेशाची तारीख आहे, पण तो कधीपासून प्रत्यक्ष कोठडीत आहे ती तारीख नाही. सुनावणीत साहेब ती हमखास विचारतील. वकीलबाईंना आजच सांग, तुरुंगाचा दाखला जोडून ठेवा म्हणावं.

गुरुवारी तारीख आहे ना? कोर्टात मागच्या बाकावर त्याच्या घरचं कुणी असेल, तर त्यांच्या शेजारी बस. पुकारा झाला की काय चाललंय ते त्यांना हळू आवाजात सांगत राहा. आणि आदेश झाला की मला फोन कर, किती वाजले आहेत ते बघू नकोस.

तुझे
बाबा