पहाटे पाचला वर्ग उघडणाऱ्या शिपाई मामांना

आदरणीय मामा,
साष्टांग नमस्कार.

गावातली पोरं दहावीला बसलीत, परीक्षा तोंडावर आलीय. म्हणून हे पत्र त्यांनाही वाचता येईल असं उघडच लिहितोय.

2016 साल. पुढं एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच दुष्काळातलं. आई-बापू दसरा करून ऊसतोडीला सांगलीकडं गेलेले, घरी मी आणि आजी. सराव परीक्षेत बीजगणितात 40 पैकी 9 पडले. दहावी सोडून आपणही कोयता धरावा, असं मी जवळजवळ ठरवलंच होतं. तुम्ही समजावत बसला नाहीत. "पाचला ये, वर्ग उघडतो," एवढंच म्हणालात.

पहिल्या पहाटे मी गाइड उघडून बसलो. तुम्ही झाडता झाडता थांबलात. "काय करायलास?"
"वाचायलोय."
"मंग झाक ते, आन् आता काढ."
अंकगणिती श्रेढीचं उदाहरण होतं. सूत्र लिहिलं, किमती घातल्या आणि हात तिथंच थांबला. वाचताना तर सगळं येत होतं! सोडवलेलं गणित वाचलं की ते आपल्याला आलं असं वाटतं. माझं वर्षभर तेच झालेलं.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही ऑफिसातलं घड्याळ उतरवून माझ्या बाकावर ठेवायचात. भिंतीवर मागं खिळा आणि पांढरा गोल तेवढा दिसायचा. दोन तास पेपर, मध्ये उठायचं नाही. तुम्ही सातवी शिकलेले, बीजगणिताचा संबंध नाही. तरी चष्मा लावून गाइडातली एकेक ओळ बोटानं धरायचात, माझ्या वहीशी ताडून बघायचात, आणि जुळली नाही तिथं पेन्सिलीनं फुली. कोरी जागा दिसली की मात्र चिडायचात. "येतंय तेवढं तरी लिव्ह की!" बोर्डात उत्तर चुकलं तरी बरोबर पायऱ्यांचे मार्क मिळतात, हे मला तेव्हा कुठं उमगलं.

सातला टँकर यायचा. तुम्ही घागर घेऊन पळायचात, आणि मी फुली पडलेली गणितं पुन्हा पहिल्यापासून काढायचो. खरी मेहनत तीच होती, आणि तीच नकोशी वाटायची. लातूर पॅटर्नचं एवढं नाव आहे, तिथंही पोरं पेपरावर पेपर सोडवतात. पोरांनो, अजून दिवस आहेत. गाइड झाका, घड्याळ लावा, पेन उचला. नऊ मार्कांवरून मी 31 वर आलो ते असंच, मामांच्या फुल्या खोडत खोडत.

मामा, ती वही अजून माझ्याकडं आहे. पाडव्याला घेऊन येतो. तोवर आई-बापूही कारखान्यावरून आलेले असतील. तुम्ही आणि मामी त्या दिवशी आमच्याकडंच जेवायला या.

तुमचा,
पहाटेचा विद्यार्थी