अक्का, आता माझा खो पंचांना ऐकू जातो

प्रिय अक्का,

आभार मानायला कुणी आलं की तू "जा, दोन राउंड मार" म्हणायचीस. म्हणून तुझ्या घरी न येता हे सगळ्यांसमोर लिहितेय. तू खो-खो शिकवलेल्या आपल्या वेळच्या पोरी आता कुणी पुण्यात, कुणी भिवंडीत, कुणी इथंच अक्कलकोट रोडला. त्यांच्याही नजरेला पडेल.

मे महिना म्हणजे आमच्या युनिटमध्ये शाळेच्या गणवेशांची घाई. वर सोलापूरचं ऊन. मालकांनी परवा दुपारी सांगितलं, आठवडाभर रात्री नऊपर्यंत थांबावं लागेल. चाळीस बायका खाली माना घालून बसल्या. मी उठले आणि म्हणाले, "थांबतो. पण घरी सोडायला गाडी पाहिजे, आणि कुणी थांबायचं ते आम्ही ठरवणार." आवाज एवढा मोठा निघाला की कटिंग मास्तर कात्री थांबवून बघायला लागला. मालक हो म्हणाले. रात्री त्याच गाडीतून येताना तुझी शिट्टी आठवली.

पहिला आठवडा आठवतो का गं? पोरीचा आवाज उंबऱ्याबाहेर जाऊ नये, असं आजी म्हणायची. मीही तशीच. बसलेलीच्या पाठीला हात लावायचे आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचे. तू शिट्टी मारायचीस. "फाऊल! हात लागला, खो कुठंय?" उठलेली पोरगी बिचारी परत चौकोनात बसायची आणि माझ्याकडं रागानं बघायची. खो मोठ्यानं, पंचांना ऐकू येईल असा द्यायचा, हा नियमच आहे. कबड्डीतही दम घुमवावा लागतो म्हणा, पण तो आपला आपल्यासाठी. खो दुसरीला उठवायला असतो. तो दिला की आपण तिच्या जागी गुपचूप बसायचं. हे बसणं मला ओरडण्याहून जड गेलं, ते तुला माहीतच आहे.

पण तुझं सगळ्यात मोठं देणं मैदानावरचं नाहीच. आईनं मला पाठवणं बंद केलं होतं. संध्याकाळची वेळ म्हणजे विडीची पानं कापायची वेळ. मी गेले की हजार विड्यांचा हिशोब बसत नव्हता, आणि कमी भरल्या की कारखान्यात बोलणी खावी लागायची. त्यात माझे गुडघे फुटलेले. "हे डाग घेऊन हिला कोण करून घेणार?" तू आलीस, चहा नको म्हणालीस, आईच्या शेजारी बसलीस आणि सूप मांडीवर ओढलंस. तुझी कात्री आईपेक्षा जोरात चालली. कशी नाही चालणार, तूही विडीवालीचीच लेक. सूपभर पानं कापून झाल्यावर एवढंच म्हणालीस, "मावशी, उद्या पण येते. हिला पाच ते साडेसहा सोडा." तीन आठवडे आलीस. चौथ्या आठवड्यात आईच म्हणाली, नको येऊ पोरी, तुझी मैदानं कोण घेणार. त्या दिवसापासून मी पहाटे उठून पानं कापायला लागले. गुडघ्यांवरचे डाग अजून आहेत. लग्नही झालं.

खेळामुळं मुलींमध्ये नेतृत्व येतं, असं बक्षीस समारंभात पाहुणे नेहमी सांगतात. मला ते अर्धंच पटतं. पळतीच्या वेळी तिघी-तिघी आत जातात त्यातल्या कुठल्या तुकडीत कोण, सूर कुणी मारायचा, खांबावर कुणी बसायचं हे सगळं सरच ठरवतात आणि पोरी नुसत्या पळतात, अशी मैदानं मी पाहिली आहेत. अशा मैदानावर दम वाढतो, पण ठरवायची सवय लागत नाही. तू मला कॅप्टन केलंस आणि मग खरंच मधे आली नाहीस.

पार्क मैदानावरची ती उपांत्य फेरी. पहिल्या तुकडीत मी माझ्या मैत्रिणीला पाठवलं, कारण ती रुसली असती. ती मिनिटभरही टिकली नाही. आणि कानडी घरातली ती अबोल पोरगी, जी सरावात तीन तीन मिनिटं हुलकावण्या द्यायची, तिला मी शेवटच्या तुकडीत ठेवलं. ती आत गेली तेव्हा अर्धं मिनिट उरलं होतं. नाबाद राहिली. आपण एका गुणानं हरलो. मला वाटलं, आता तू फाडून खाणार. तू फक्की आखायचा डबा उचललास आणि म्हणालीस, "तू ठरवलंस ना? मग का तसं ठरवलंस ते तिला तूच सांग." सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं परत येताना मी तिला खरं सांगितलं. ती फक्त "बरं" म्हणाली. मला मात्र तापासारखं झालं होतं. आज कॉलरला कुणाला बसवायचं, बटणाला कुणाला, हे ठरवताना माझी लाडकी कोण हा विचार आला की तो "बरं" ऐकू येतो.

शेजारच्या धाराशिवच्या खो-खोपटू सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा आईनं पेपरातला फोटो कापून ठेवला. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्या रविवारी आम्ही गड्ड्याच्या यात्रेत होतो. पाळण्याच्या रांगेत उभं राहून मोबाईलवर अंतिम सामना बघितला. भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, कॅप्टन आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. माझी लेक विचारत होती, "आई, ह्या सारख्या ओरडतात का?" मी म्हटलं, ओरडलं नाही तर फाऊल होतो. ती दिवसभर घरात खो खो ओरडत फिरली. सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण बोलल्या काही नाहीत.

ती आता नऊ वर्षांची आहे. आवाज माझ्यासारखाच, घरात मोठा आणि बाहेर बारीक. ऐकलंय की तू अजून रोज पाचला मैदानावर पाणी मारतेस. येत्या सोमवारी तिला घेऊन येते. फक्कीची पिशवी मी आणते, तू विकत घेऊ नकोस. आणि पहिल्याच दिवशी तिच्यासाठी शिट्टी मारलीस तर मी मधे बोलणार नाही, दोन राउंड मारून येईन.

तुझी,
चौथ्या चौकोनातली